ठाण्याचं पोर ॲडमिरल होईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झालो आणि नौपाड्यातल्या जुन्या घरी परत आलो. तेव्हापासून रविवारी सकाळी अकरावी-बारावीची मुलं येऊन बसतात, सोबत आई किंवा बाबा. कळव्याहून येतात, ऐरोली-नेरूळहूनही येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. इतक्या लांबून आलेल्याला घाईत अर्धवट उत्तर द्यायला मला आवडत नाही, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

ॲडमिरल म्हणजे नक्की कोण? पेपरात तर बरेच ॲडमिरल दिसतात.

बोलताना रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल आणि ॲडमिरल या तिघांनाही ‘ॲडमिरल’ म्हणतात, त्यामुळे हा गोंधळ होतो. पायऱ्या अशा आहेत: सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, ॲडमिरल. रिअर ॲडमिरलला दोन तारे, व्हाइस ॲडमिरलला तीन आणि ॲडमिरलला चार. चार तारे असलेला सेवेतला नौदल अधिकारी साधारणपणे एकच असतो, तो म्हणजे नौदलप्रमुख.

हे पदही सुरुवातीपासून चार ताऱ्यांचं नव्हतं. १९५८ साली रामदास कटारी पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले, ते व्हाइस ॲडमिरल म्हणून. त्यांच्यानंतर आलेले भास्कर सदाशिव सोमणही व्हाइस ॲडमिरलच होते. सोमण हे आडनाव इथे ऐकलं की समोरच्या मुलांचे चेहरे उजळतात, म्हणून मी ते मुद्दाम सांगतो. पूर्ण ॲडमिरल झालेले पहिले अधिकारी ए. के. चटर्जी, १९६८ साली.

रिअर ॲडमिरलपासून वरच्यांना फ्लॅग ऑफिसर म्हणतात, कारण त्यांच्या हुद्द्याचा स्वतंत्र ध्वज जहाजावर फडकतो. त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांची रचना २०२३ च्या अखेरीस बदलली. आता तिथे शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजबांधणी सुरू करणाऱ्या राजाची मुद्रा आज ॲडमिरलच्या खांद्यावर आहे, आणि ती खाडी आपल्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर आहे.

आमचा भाचा लष्करात कॅप्टन आहे. नौदलातला कॅप्टन त्याच्या बरोबरीचा का?

नाही. लष्करातला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या तोडीचा, साधारण वीस वर्षं सेवा झालेला. मालवाहू जहाजावरचा कॅप्टन तर तिसराच, त्याचा या रचनेशी संबंध नाही.

बारावीनंतर जायचं कसं?

मुख्य दोन वाटा आहेत. पहिली एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीला ६००, आणि मुलाखत मंडळ म्हणजे एसएसबीला ९००. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. नौदल हवं असेल तर बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवंच. पुढे तीन वर्षं खडकवासला, मग केरळात कण्णूरजवळची एझिमलाची नौदल अकादमी, मग कोचीच्या प्रशिक्षण ताफ्यावर प्रत्यक्ष समुद्र.

दुसरी वाट बारावीनंतरच्या बी.टेक. प्रवेशाची. इथे लेखी परीक्षा वेगळी नसते. जेईई मेनच्या क्रमांकावरून एसएसबीला बोलावतात. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित मिळून ७० टक्के लागतात, आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५०. निवड झाली की थेट एझिमला, चार वर्षं, पदवी सरकारी खर्चाने. ठाण्यात जेईईचा अभ्यास करणारी इतकी मुलं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना ही वाट माहीतच नसते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पदवीनंतरही येता येतं, कायम किंवा अल्पमुदतीच्या सेवेत. पण शेवटी ॲडमिरलपर्यंत पोहोचलेल्यांत लहान वयात आलेलेच जास्त दिसतात. त्याचं कारण वयाचं गणित, ते पुढे सांगतो.

सातारा सैनिक स्कूल किंवा छत्रपती संभाजीनगरची राज्य सरकारची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था यांचा फायदा होतो का? होतो. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला २०२३ पासून आहे. पण साध्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेली मुलं माझ्या तुकडीतही होती आणि आजही असतात.

नेरूळला चाणक्य आहे ना, तिथूनच नौदलात जातात का?

हा प्रश्न नवी मुंबईकर हमखास विचारतात. करावे-नेरूळचं टी. एस. चाणक्य मर्चंट नेव्हीचं आहे, म्हणजे व्यापारी जहाजांचे अधिकारी घडवणारं. प्रवेश परीक्षा वेगळी, पगार वेगळा, नोकरी खासगी कंपन्यांची. मुलाला नक्की काय हवंय ते आधी त्यालाच विचारा. पांढरा गणवेश दोन्हीकडे आहे म्हणून फसू नका.

तरी या संस्थेचं आणि नौदलाचं जुनं नातं आहे, आणि ते मला फार प्रिय आहे. चाणक्यच्या आधी ‘राजेंद्र’ हे प्रशिक्षण जहाज होतं आणि त्याच्याही आधी, १९२७ पासून, मुंबई बंदरात ‘डफरिन’. कटारी डफरिनच्या पहिल्या तुकडीतले. १९८७ ते १९९० नौदलप्रमुख असलेले जयंत गणपत नाडकर्णी हेही डफरिनवर शिकलेले. म्हणजे ज्या परंपरेची आजची इमारत पाम बीच रस्त्याच्या पलीकडे उभी आहे, तिने देशाला नौदलप्रमुख दिले आहेत.

एसएसबीला काय बघतात? क्लास लावू का?

पाच दिवस असतात. पहिल्याच दिवशी बरेच जण परत जातात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटाची कामं, दीर्घ मुलाखत, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या परीक्षकांसमोर काही मिनिटं. नौदलासाठी भोपाळ, बंगळुरू, कोइमतूर, विशाखापट्टणम, कोलकाता अशी केंद्रं आहेत.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चाचण्यांचं स्वरूप कळण्यापुरता आठवडाभर लावा, त्याहून जास्त नको. पाठ केलेली उत्तरं परीक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतात. समोर आलेल्या शब्दावर पंधरा सेकंदांत मनात येईल ते लिहायचं असतं, तिथे पाठांतर कितीसं टिकणार? गणेशोत्सवात मंडळाची जबाबदारी घेतलेला, येऊरच्या जंगलात मित्रांना घेऊन जाऊन सुखरूप परत आणलेला, घरात आजारी आजीचं औषधपाणी बघणारा मुलगा तिथे सहज बोलतो. ज्याचं आयुष्य शाळा, क्लास आणि मोबाईल यांतच गेलं, तो हुशार असूनही अडखळतो.

नापास झालं तर कारण सांगत नाहीत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाऊन निवडले गेलेले कितीतरी अधिकारी मी पाहिलेत.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजी अडेल का?

सुरुवातीला अडेल, दोन वर्षांत सुटेल. मीही मराठी शाळेतलाच. चुकत बोला, पण बोला. गप्प बसण्याचे गुण जातात, व्याकरणाचे फारसे जात नाहीत.

प्रमुख व्हायचं तर शाखा कोणती घ्यावी?

एक्झिक्युटिव्ह. युद्धनौकेची कमान, म्हणजे तिचं नेतृत्व, याच शाखेकडे असते आणि नौदलप्रमुखही याच शाखेतून येतो. तोफखाना, नौकानयन, पाणबुडीविरोधी युद्ध, दळणवळण, पाणबुडी, विमानं हे सगळं या शाखेत मोडतं. २०१९ साली प्रमुख झालेले करमबीर सिंह हेलिकॉप्टरचे वैमानिक होते, प्रमुखपदी पोहोचलेले तसे पहिलेच.

अभियांत्रिकी आणि विद्युत शाखेचे अधिकारी व्हाइस ॲडमिरलपर्यंत जातात. वैद्यकीय अधिकारीही जातात. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर यंत्रांची विद्या शिकून आयुष्यभर जहाजं चालती ठेवणारी माणसं मला कुठल्याही प्रमुखाइतकीच मोठी वाटतात. ज्याचा जीव इंजिनात आहे, त्याने केवळ चार ताऱ्यांच्या आशेने दुसरी शाखा मागू नये.

किती वर्षं लागतात?

जवळजवळ चाळीस. दिनेश कुमार त्रिपाठींचं उदाहरण बघा. १ जुलै १९८५ ला नौदलात अधिकारी झाले, ३० एप्रिल २०२४ ला नौदलप्रमुख. मध्ये ३८ वर्षं १० महिने. त्यांनी कमान केलेली जहाजंही क्रमाने वाचा: आधी विनाश ही क्षेपणास्त्र नौका, मग किर्च ही कॉर्व्हेट, मग त्रिशूल ही फ्रिगेट. लहान, मध्यम, मोठं. पुढे पूर्वेकडच्या ताफ्याची कमान, एझिमलाच्या अकादमीचं प्रमुखपद, पश्चिम नौदल कमांड, उपप्रमुखपद. वाट साधारण अशीच असते. मध्येच वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स, गोव्याच्या नेव्हल वॉर कॉलेजचा उच्च अभ्यासक्रम, दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज. गोव्याचं हे कॉलेज आधी उरणजवळ करंजाला होतं.

पहिल्या बढत्या कालबद्ध आहेत: दोन वर्षांनी लेफ्टनंट, सहा वर्षांनी लेफ्टनंट कमांडर, तेरा वर्षांनी कमांडर. तिथवर तुकडीतले जवळजवळ सगळे बरोबर चालतात.

मग पुढे इतके थोडेच का उरतात?

कॅप्टनपासून बढती निवडीने होते. एका तुकडीतल्या सगळ्यांचे वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल मंडळापुढे ठेवले जातात, जागा मोजक्या असतात, आणि प्रत्येकाचा विचार ठरावीक वेळाच होतो. निवड झाली नाही तर २६ वर्षांच्या सेवेनंतर कालबद्ध कॅप्टन होता येतं, पण वरची शिडी तिथे थांबते. कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, दर वेळी पुन्हा तीच चाळणी, अधिक बारीक.

माझं नाव कॅप्टनच्या यादीत आलं नाही. तो दिवस मला लख्ख आठवतो. ज्याचं नाव आलं होतं तो माझा एनडीएतला खोलीमित्र. संध्याकाळी तो घरी आला, आम्ही दोघं बाल्कनीत बसलो आणि बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. तो लायक होता. मीही असेन. पण जागा एक होती. आईवडिलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण ‘निवड झाली नाही’ याचा अर्थ घरी ‘हा कमी पडला’ असा लावला जातो. तुकडीतले बहुसंख्य उत्तम अधिकारी कमांडर किंवा कॅप्टन म्हणूनच निवृत्त होतात.

शिवाय वय. रिअर ॲडमिरल ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, व्हाइस ॲडमिरल ६० व्या. नौदलप्रमुखाला तीन वर्षं किंवा वयाची ६२, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे प्रमुखाची खुर्ची रिकामी होईल त्या दिवशी तुम्ही साठीच्या आत व्हाइस ॲडमिरल असायला हवं. एखादा अत्यंत कर्तबगार अधिकारी त्याच्या आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो आणि यादीतून बाहेर पडतो. यात कोणाचाच दोष नसतो, जन्मतारीखच तशी असते. लवकर भरती होण्याचा फायदा इथे दिसतो.

वशिला चालतो का?

एनडीएपासून कमांडरपर्यंत मला कुणाचा वशिला नव्हता. वडील ठाण्यात एका कारखान्यात फिटर होते. सर्वात वरची नेमणूक केंद्र सरकार करतं. बहुतेक वेळा ज्येष्ठता पाळली जाते, कधी नाही. २०१९ साली ज्येष्ठतम अधिकाऱ्याऐवजी दुसऱ्याची निवड झाली होती. तो सरकारचा अधिकार आहे. सतराव्या वर्षी त्याची चिंता करण्यात अर्थ नाही.

जहाजाची कमान म्हणजे नक्की काय? तिला इतकं महत्त्व का?

ॲडमिरलची घडण इथेच होते, म्हणून हे उत्तर सगळ्यात सावकाश वाचा.

सुरुवात होते वॉचपासून, म्हणजे जहाज सांभाळण्याच्या पाळीपासून. तरुण अधिकारी महिनोन्महिने ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभा राहून शिकतो आणि एक दिवस त्याला वॉचकीपिंगचं प्रमाणपत्र मिळतं. याचा अर्थ असा की मध्यरात्री बारा ते चार कॅप्टन झोपलेला आहे, खाली शेकडो माणसं झोपलेली आहेत, आणि जहाज तुमच्या हाती आहे. नारळी पौर्णिमेनंतर कोळी बांधवांच्या होड्या समुद्रात उतरतात, तेव्हा मुंबईबाहेर रात्री क्षितिजभर दिवे लुकलुकत असतात. काही होड्यांवर दिवा असतो, काहींवर अगदी मिणमिणता. जाळी कुठवर पसरली आहेत ते दिसत नाही. त्यांच्यामधून हजारो टनांची युद्धनौका काढायची. माझ्या पहिल्या अशा रात्री मला आमच्या चेंदणी कोळीवाड्यातले चेहरे आठवत होते. त्या प्रत्येक दिव्याखाली कुणाचा तरी बाप बसलेला असतो.

मग कमान येते. वॉचवर असताना शंका आली तर कॅप्टनला उठवता येतं. कमान हाती आली की उठवायला कोणी उरत नाही. जहाजावर जे काही होईल, ते तुम्ही झोपेत असताना झालं तरी, उत्तर तुम्ही द्यायचं. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी बुडाली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला सुटकेची संधी असूनही जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री गेले. २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्न पाणबुडीत दुर्घटना झाली, तेव्हा नौदलप्रमुख डी. के. जोशींनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. पाणबुडीवर ते स्वतः नव्हते. तरीही दिला.

आपली मराठी माणसंही ही जबाबदारी घेतायत. २०२२ साली विक्रांत ही विमानवाहू नौका सेवेत दाखल झाली, तेव्हा तिची पहिली कमान कमोडोर विद्याधर हारके यांच्याकडे होती.

मुलींना इथवर जाता येईल?

वाट आता उघडी आहे. १९९२ पासून मुली नौदलात अधिकारी होत आहेत, पण बराच काळ अल्पमुदतीसाठी आणि मोजक्या शाखांत. १७ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने नौदलातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम सेवेच्या बाजूने निकाल दिला. २०२२ साली एनडीएत मुलींची पहिली तुकडी आली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या. वैद्यकीय शाखेत तर स्त्रिया व्हाइस ॲडमिरल झाल्याही आहेत. त्यातल्या आरती सरीन २०२४ साली तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या.

कमानीचं पहिलं दार मुंबईच्याच एका मराठी मुलीने उघडलं. लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी, २०२३ च्या अखेरीस, आयएनएस त्रिंकट. आता वर मांडलेलं गणित करा. एनडीएच्या पहिल्या तुकडीतली मुलगी नौदलप्रमुख झाली तर ती २०६५ च्या आसपास. आज माझ्याकडे येणाऱ्या मुली तिच्याच मागच्या तुकड्यांत असतील. मी तेव्हा नसेन, पण मला ते दिसतं.

पगार किती?

सातव्या वेतन आयोगानुसार सब लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, रिअर ॲडमिरलचं १,४४,२०० पासून, नौदलप्रमुखाचं २,५०,०००. भत्ते वेगळे, आणि कमोडोरपर्यंत दरमहा १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन. घर, दवाखाना, निवृत्तिवेतन. माणूस सुखाने राहतो, पण परदेशी कंपनीत गेलेल्या वर्गमित्राशी तुलना करत बसला तर राहत नाही.

घरच्यांचं काय होतं?

हा प्रश्न मुलं विचारत नाहीत. आया विचारतात, तेही निघताना, चपला घालता घालता.

दोन-तीन वर्षांनी बदली. मुंबई, विशाखापट्टणम, कोची, दिल्ली, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम). मुलांच्या शाळा बदलतात. बायकोची नोकरी असेल तर निर्णय फार अवघड होतो. माझ्या पत्नीची ठाण्यात बँकेत नोकरी होती. तिने ती सोडली नाही, आणि मीही सोड म्हटलं नाही. त्यामुळे आमच्या लग्नाची बरीच वर्षं पत्रांत आणि जहाज बंदराला लागलं की केलेल्या फोनमध्ये गेली. मुलीच्या जन्मानंतर सहा आठवड्यांनी मी तिला पाहिलं. गौरी-गणपतीत मी घरी होतो अशी वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

यातलं काहीही लपवून कुणाच्या मुलाला भरती करायची मला इच्छा नाही. मुलगा निवडला जातो, पण नौदलात सगळं घर जातं. माझ्या पत्नीला विचाराल तर ती म्हणते, पुन्हा तेच केलं असतं. मात्र हे तिने म्हणायचं, मी नाही.

अग्निवीर किंवा नौसैनिक म्हणून गेला तर अधिकारी होता येतं?

येतं. सेवेत राहून अंतर्गत निवडीने अधिकारी होण्याच्या वाटा आहेत आणि त्या वाटेने आलेले फार भरवशाचे अधिकारी मी पाहिले. वयामुळे ॲडमिरलपद मात्र तिथून जवळजवळ अशक्य असतं. अधिकारीच व्हायचं असेल आणि वय बसत असेल, तर आधी एनडीए द्या.

आत्ता अकरावीत आहे. उद्यापासून काय करू?

सगळ्यात आधी डोळे तपासा. नंबर बघाच, पण रंग ओळखण्याची चाचणीही करून घ्या. ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायचे असतात, नेत्रतज्ज्ञाकडे दहा मिनिटांत होते. कळव्याचा एक मुलगा दोन वर्षं माझ्याकडे आला, लेखी पास झाला, एसएसबी पास झाला, आणि वैद्यकीय तपासणीत कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. हे त्याला पहिल्या रविवारी विचारायला हवं होतं. मी विचारलं नव्हतं. ती चूक माझी, आणि तेव्हापासून मी कुणालाही आधी हेच विचारतो.

मग पोहायला शिका. अकादमीत शिकवतात, पण पाण्याची भीती घरीच सोडून गेलेलं बरं. सकाळी उपवनला किंवा तलावपाळीला धावा. रोज एक इंग्रजी आणि एक मराठी वर्तमानपत्र वाचा आणि रात्री जेवताना त्यातल्या एका बातमीवर घरच्यांशी वाद घाला.

रविवारी नऊ वाजता या. येताना डोळ्यांचा रिपोर्ट आणा.